मामासाहेब मुक्कामी

विकासने गाडी गल्लीच्या तोंडाशीच लावली. परत जाताना आबासाहेबांना मागच्या सीटवर बसवायचं होतं, आणि गल्लीत गाडी मागेपुढे करत बसलं की शेजारीपाजारी गोळा होतात हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. मलकपेठच्या या गल्लीत काही झाकून राहत नाही. तसं आता झाकण्यासारखं उरलंही नव्हतं. गुरुवारी सिकंदराबाद स्टेशनवर जे झालं ते अर्ध्या शहराने फोनवर पाहिलं होतं. विकासने स्वतः ते कुकटपल्लीच्या ऑफिसात, कॅन्टीनच्या रांगेत उभं राहून पाहिलं. शेजारच्या विभागातला एक जण मोठ्या कौतुकाने म्हणाला, "तुमच्या वडिलांचा नवा व्हिडिओ आलाय, बघितलात का?" आणि त्याने फोन पुढे केला.

फोनमध्ये आबासाहेब जिन्याच्या तोंडाशी निळी बॅग धरून उभे होते. भोवती घोळका. ते एकेकाला विचारत होते, भालकीची, गावाकडची गाडी कुठं लागते. घोळका हसत होता. "मामू, आखिर निकल गए क्या?" कुणीतरी ओरडलं. आबासाहेब म्हणाले, "हसू नका हो. मला घरी जायचंय." त्यावर तर लोकांना हसू आवरेना. एका पोरीने त्यांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतला. आबासाहेब घाबरून मागे सरले, पाय पायरीवरून सुटला, आणि ते पडले तेव्हाही थोडा वेळ लोक हसतच होते. विकासने फोन परत दिला आणि ताट न घेताच तो रांगेतून बाहेर पडला.

लोकांचं तरी काय चुकलं? विकासचा धाकटा भाऊ संदेश आणि संदेशची बायको रेणू यांची 'मामासाहेब मुक्कामी' ही फोनवरची मालिका सगळ्यांना तोंडपाठ होती. गोष्ट एवढीशी होती. सासरा लेकीच्या घरी चार दिवसांसाठी येतो आणि जायचं नावच काढत नाही. रोज सकाळी जावयाला विचारतो, तुम्ही कोणाचे? जावई त्याला घालवायला नाना युक्त्या करतो, निळी बॅग भरून दारात ठेवतो, म्हणतो, मामासाहेब, सिकंदराबादहून गाडी आहे, निघा आता. सासरा बॅग उचलतो, दारापर्यंत जातो आणि जेवणाचं काय म्हणून परत फिरतो. जावई संदेश, लेक रेणू आणि सासरा खुद्द आबासाहेब. मराठीत हैदराबादी बोली मिसळलेली, त्यामुळे मराठी न येणारेही बघत. स्टेशनवरच्या लोकांना वाटलं, सासरा शेवटी निघाला.

कपाळाला टाके पडले. त्यानिमित्ताने डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला आणि घरच्यांना बसवून सांगितलं की हे विसरणं वयाचं नाही, हा आजार आहे आणि तो काही वर्षं चालू आहे. तुमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा सगळ्यांनी संदेशकडे पाहिलं होतं. बघणाऱ्यांत विकास होता. आपण सणासुदीलाच इकडे येतो, हे त्याला त्या वेळी आठवलं नाही. असल्या गोष्टी माणसाला सोयीने आठवतात.

आज तो ठरवून आला होता. आबासाहेब आणि आई कुकटपल्लीला चालतील. बायकोने, वंदनाने, खोली रिकामी केली होती. आणि तो सगळा तमाशा इंटरनेटवरून निघेल, आजच्या आज.

दारात आबासाहेब उभेच होते. कपाळाला पट्टी. त्याला बघून म्हणाले, "विकास, एकटाच आलास का? वंदना नाही आली?"

विकासला एवढा आनंद झाला की त्याची त्यालाच लाज वाटली.

स्वयंपाकघरात रेणू भाकरी थापत होती आणि बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. विकासदादांना त्यांनी ओळखलं. ओळखणारच. दादा कधी कुठल्या व्हिडिओत नव्हते; जे होते, ते आबासाहेबांना व्हिडिओतलेच वाटत होते.

हे तिला परवा दवाखान्याच्या बाकड्यावर बसल्याबसल्या उमगलं होतं आणि अजून तिने ते संदेशलाही सांगितलं नव्हतं. अगदी पहिल्या दिवसाचं तिच्या डोळ्यांसमोर होतं. ती आणि संदेश हॉलमध्ये भलताच व्हिडिओ करत होते, नवराबायकोच्या भांडणाचा. बरे चालायचे त्यांचे व्हिडिओ, पण नुसतेच बरे. नोकरी सोडल्याबद्दल दोघांनाही रोज पश्चात्ताप व्हायचा. तेवढ्यात आबासाहेब आतून आले, संदेशपुढे उभे राहिले आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "तुम्ही कोणाचे?" संदेशला वाटलं, आबा गंमत करतायत. तो हात जोडून म्हणाला, "मी तुमचा जावई, मामासाहेब." आणि रेणूकडे बोट केलं. आबासाहेबांनी वळून तिच्याकडे पाहिलं, मायेने पाहिलं, आणि म्हणाले, "बाई, सुखात आहेस ना?" तिघंही हसून हसून बेजार झाली. म्हणजे दोघं हसली. आबासाहेब त्यांना हसताना बघून हसले.

तो व्हिडिओ रातोरात उचलला गेला. मग ओळी लिहून देणं आलं, हॉलला पिवळा रंग आला, जुन्या लाकडी खुर्च्या गच्चीवर गेल्या आणि झालरीचे पडदे लागले. म्हातारा काय सहज करतो, लोक म्हणायचे. अशी सहजता शिकून येत नाही. खरंच आली नव्हती. रेणू त्यांना व्हिडिओत बाबा म्हणायची आणि सवयीने घरातही बाबाच म्हणू लागली. स्वतःचे वडील लहानपणीच गेलेल्या पोरीला ते जड गेलं नाही.

बाहेर नणंदेचा, त्रिवेणीचा आवाज आला. निजामाबादहून निघाली होती, स्टेशनवरून थेट इथेच. रेणू हात पुसत हॉलच्या दारापर्यंत आली. त्रिवेणी वडिलांच्या पायाशी बसली होती, त्यांची पट्टी चाचपत होती, रडत होती. आबासाहेब अवघडून पाय मागे घेत होते. मग त्यांना रेणू दिसली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

"बाई," ते रेणूला म्हणाले, "या ताई कोण आल्यात बघ. यांना पाणी दे."

त्रिवेणी तशीच बसून राहिली. पाणी रेणूनेच आणलं, पण ते घ्यायला कुणी हात पुढे केला नाही.

आबासाहेबांना आत निजवल्यावर जे बोलणं झालं त्यात प्रत्येकाने आपापलं साठवलेलं काढलं. त्रिवेणी म्हणाली, माझी जागा घेतली हिने, पैसे मिळवण्यासाठी माझा बाप घेतला. विकास म्हणाला, बीमार माणसाला तुम्ही नाचवलंत. भालकीच्या शेताच्या वाटणीपासून दोघं भावंडं एकमेकांशी धड बोलत नव्हती, ती आज एका सोफ्यावर बसून एका सुरात बोलत होती. संदेश ऐकून घेत होता. 

"काढून टाकतो सगळे व्हिडिओ," तो शेवटी म्हणाला. "आत्ता काढतो. मालिकेचा स्टेजवरचा कार्यक्रम ठरलाय, तोपण रद्द करतो. पण दादा, आबांना नेऊ नका."

"का नेऊ नको?"

"त्यांची सवय आहे मला."

"तुझी सवय त्यांना आहे का, ते बोल," विकास म्हणाला.

रेणूने मध्ये बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण ती बोलली. व्हिडिओ काढून टाकायला तिचा विरोध होता. बाबा रोज सकाळी ते बघतात, स्वतःलाच बघून हसतात, त्याशिवाय त्यांना घास जात नाही. लोकांपुरते बंद करा, पण त्यांच्यापुढून नेऊ नका. आणि त्यांना इथून हलवू नका, नवी जागा बघून ते अजून घाबरतील. हे सगळं खरं होतं. पण बोलताबोलता तिला त्रिवेणीचा चेहरा दिसला आणि आपण जन्मभर कितीही खरं बोललो तरी या घरात ते धंद्याचंच वाटणार, हे तिला कळलं. 

"धंदा बुडतोय म्हणून बोलायली ती," त्रिवेणी म्हणाली.

तारामतीबाई इतका वेळ दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. या घरात महत्त्वाचं बोलणं चालू असताना त्या कधी बसत नसत. सगळ्यांचं बोलून झालं की मग कुणीतरी त्यांना विचारायचं, आई, तुला काय वाटतं? आणि त्या म्हणायच्या, तुम्ही म्हणाल तसं. आज त्यांना कुणी विचारलं नाही, तरी त्या बोलल्या.

"पोरीला कशाला बोलायलीस? मला ठावं होतं."

कुणाला आधी समजलंच नाही.

"दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं ना, कुणाला समजलं नाही का म्हणून? मला समजलं होतं. या व्हिडिओच्याही आधी. एकदा बाजारातून मोकळ्या पिशवीनं परत आले आणि गेटापाशी उभे राहून रडायले. कोणतं घर ते आठवंना. मी हाताला धरून आत आणलं. मला म्हणाले, तारा, पोरांना सांगू नको. वेड्यात काढतील."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. डोळे कोरडे होते.

"मग मी सांभाळून घ्यायची. कुणाचं नाव चुकलं की मी आधीच नाव घेऊन हाक मारायची. पण किती दिवस पुरतं ते? विकास, गणपतीत त्यांनी तुला एकच गोष्ट तीनदा विचारली म्हणून तू सगळ्यांदेखत ओरडलास. रात्रभर बसून होते ते. आणि मग या दोघांनी त्यांना त्या व्हिडिओत घेतलं. तिथं ते चुकले की सगळे वा वा करायचे. तुम्ही कोणाचे विचारलं की टाळ्या. मला वाटलं, देवानंच सोय केली. जगात एक जागा झाली, जिथं ह्यांचं चुकलं तरी चूक होत नाही. म्हणून मी गप्प बसले. डॉक्टरांकडं न्यायचं ते पिवळ्या भिंतीपुढं नेऊन बसवलं. हिचा काय दोष? मीच नेऊन बसवलं."

विकास काही बोलणार होता, पण त्याला गणपतीतलं आठवलं. त्रिवेणी उठली आणि तिने आईचा हात धरून तिला खुर्चीवर बसवलं. कसं केलंस गं एकटीने, एवढंच ती म्हणाली. सोफ्यावर आता विकास एकटाच राहिला होता. पण त्याने आपलं म्हणणं सोडलं नाही, आणि त्यालाही कारण होतं. ज्या घरातून म्हातारा माणूस निघून गेला आणि चार तास कुणाच्या ध्यानात आलं नाही, त्या घरात त्यांना परत कसं ठेवायचं? ते पुन्हा निघून गेले तर?

 आबासाहेब का गेले हेच कुणाला माहीत नव्हतं. भरकटले, असं डॉक्टर म्हणाले होते आणि घरच्यांनी ते मान्य केलं होतं.

"त्यांनाच विचारा की," तारामतीबाई म्हणाल्या. "माणूस आहे अजून तो."

आबासाहेब झोपलेले नव्हतेच. ते खाटेवर बसून निळ्या बॅगेची चेन लावत होते. आतमध्ये दोन धोतरं, दाढीचं सामान आणि एक तांब्या घेतलेला. त्यांना हॉलमध्ये आणलं. ते आले आणि सोफ्याच्या अगदी कडेला, पाहुण्यासारखे बसले. संदेशने इतक्या महिन्यांत प्रथमच ते बसणं नीट पाहिलं. आबा या सोफ्यावर कधी टेकून बसले नव्हते. पडद्यावर ते फार विनोदी दिसायचं आणि त्याबद्दल लोक लिहायचेही.

विकासने खाली बसून विचारलं, "आबा, परवा तुम्ही स्टेशनवर का गेलात?"

"गाडी पकडायला."

"कुठं जायला?"

"घरी." त्यांनी संदेशकडे बघून आवाज खाली आणला, पण खोलीत सगळ्यांना ऐकू आलं. "जावईबापूंपुढं बोलायचं नव्हतं मला. पण आता तू विचारायलास म्हणून सांगतो. लेकीच्या घरी किती दिवस पडून राहायचं, विकास? माझ्या बापानं तर लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नाही. आत्याच्या गावाला गेला तर सोबत तांब्या न्यायचा. जावईबापू रोज म्हणतेत, मामासाहेब, गाडी आहे, निघा. बॅग भरून ठेवतेत. हसून म्हणतेत, पण मला कळत नाही का? शरम वाटली मला. म्हणून निघालो."

संदेशचे हात फोनवर होते. व्हिडिओ काढून टाकायला त्याने तो हातात घेतला होता. ती ओळ त्याने लिहिली होती. पस्तीस-चाळीस व्हिडिओंत ती ओळ होती, कारण तिथे लोक सगळ्यांत जास्त हसायचे, आणि तो ती दर वेळी थोड्या वेगळ्या तऱ्हेने म्हणायचा. कधी लाडाने, कधी दम देऊन. आबा गेले नव्हते भरकटून. त्यांच्या मुलानेच त्यांना पाठवलं होतं, रोज थोडं थोडं करून.

"काढून टाक," रेणू हलकेच म्हणाली. "सगळे काढ. त्यांच्यापुढचेपण."

विकासने वडिलांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मग माझ्याकडं चला, आबा. मी तर लेकच आहे ना तुमचा. थोरला. आत्ता गाडी घेऊनच आलोय."

आबासाहेबांनी विचार केला. त्यांच्या चेहऱ्यावर विचार होताना दिसत होता.

"तुझ्याकडं नको रे. तू आणि वंदना दिवसभर बाहेर. मी भिंतीशी बोलू का? मला धाकट्याकडं सोडा. संदेशकडं. मलकपेठलाच राहतो तो, आपल्या घरी. तुझी आई पण तिथंच आहे. पोरगा हूडपणा करतो, पण मला हसवतो." मग ते उठले, बॅग उचलली आणि संदेशपुढे जाऊन उभे राहिले. "जावईबापू, राग मानू नका. तुमच्या घरी मला काही कमी नव्हतं. तेवढं मला माझ्या संदेशकडं पोचवा."

त्रिवेणी तोंडात पदर कोंबून आत गेली. विकासने मान खाली घातली. कुकटपल्लीचं नाव त्यानंतर कुणी घेतलं नाही.

"आबा, मीच," संदेश म्हणाला. "मीच संदेश."

आबासाहेब हसले. अगदी सवयीने, पुढची ओळ यायची वाट बघत हसले.

तारामतीबाई खुर्चीवरून उठल्या आणि मुलाजवळ आल्या. त्यांनी त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि त्याच्या कानाशी सांगितलं की त्यांना चौकापर्यंत फिरवून मागच्या अंगणातून आण. मागची बाजू कुणी रंगवली नव्हती. तिकडे धुण्याचा दगड होता, कढीपत्त्याचं झाड होतं, गळका नळ होता. व्हिडिओत यातलं काही कधी आलं नव्हतं, कारण तिकडे उजेड पडत नसे. "रेणूला इकडंच बसू दे," त्या म्हणाल्या. रेणूने मान हलवली. ती पिवळ्या भिंतीला टेकून खाली बसली होती आणि तिला हे आधीच कळलं होतं.

निघताना आबासाहेब तिच्याजवळ थांबले. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बाई, सुखात राहा. येत जा."

संदेशने बॅग घेतली, वडिलांचा हात धरला आणि ते दोघं गल्लीतून निघाले. गल्लीतली पोरं मामू मामू करत मागे धावली, तेव्हा संदेशने वळून त्यांच्याकडे असं पाहिलं की ती जागच्या जागी थांबली. रेसकोर्सच्या भिंतीशी आबासाहेब दमले. दोघं तिथे कट्ट्यावर बसले. आबासाहेब त्याला आपल्या धाकट्या मुलाबद्दल सांगू लागले. शाळेत असल्यापासून नकला करायचा, मास्तरांची नक्कल करून मार खाल्ला होता. मी वरून रागवायचो, ते म्हणाले, आणि आत जाऊन तारेजवळ हसायचो. हे त्याला माहीत नाही. संदेशलाही हे माहीत नव्हतं. तो हूं हूं करत ऐकत राहिला.

मग मागच्या बोळातून वळसा घेऊन ते अंगणाशी आले. आबासाहेबांचा हात त्याच्या हातात सैल पडला. त्यांनी नळ पाहिला, झाड पाहिलं, दगडावरून हात फिरवला. दारात तारामतीबाई उभ्या होत्या.

"आलो, तारा," आबासाहेब म्हणाले, आणि दगडावर टेकून बसले. टेकून, पाय पसरून, आपल्या घरी बसतात तसे. त्यांनी नळाला ओंजळ लावून पोटभर पाणी प्यायलं. इतक्या महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला होता आणि तो होता हेही संदेशला तो गेल्यावरच कळलं.

"संदेश कुठाय?" आबासाहेबांनी विचारलं.

तारामतीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याशेजारी बॅग घेऊन उभ्या असलेल्या मुलाकडे पाहिलं. हे त्यांनी ठरवताना लक्षात घेतलं नव्हतं.

"बाहेर गेलाय," त्या म्हणाल्या. "येईल."

"येऊ दे. जेवायला थांबतो मी." आबासाहेब उठले. त्यांनी संदेशच्या हातातून बॅग घेतली आणि त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. "लई उपकार झाले, जावईबापू. आता निघा तुम्ही. पोरगी घरी एकटी आहे."

संदेश आईकडे बघत होता. आईने मान वळवली.

तो अंगणातून बाहेर पडला. आबासाहेब त्याला बोळापर्यंत सोडायला आले, तो दिसेनासा होईपर्यंत थांबले, आणि मग मागे येऊन त्यांनी आतून कडी लावून घेतली.